सायकलीनं वजन उतरलं, आता पालच्या रस्त्यावरच्या शाळेतल्या सायकलींसाठी साथ हवी

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं वर्षभर मनात होतं. डिसेंबर जवळ आला, आता लिहायलाच हवं.

तीन वर्षांपूर्वी माझं वय ४६, वजन ९३. नोकरी टेबलापाशी बसून करायची. सहज म्हणून रक्त तपासलं तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ६.३ आलं. डॉक्टर म्हणाले, "अजून गोळी लिहीत नाही. तीन महिने देतो, रोज घाम काढा." चालायला गेलो तर टाच धरायची. मुलाची शाळेतली गिअरची सायकल जिन्याखाली दोन वर्षं पडून होती, ती बाहेर काढली.

पहिल्या दिवशी मेहरूण तलावापर्यंत गेलो आणि परत आलो, तेवढ्यात मांड्या भरून आल्या. आठवडाभरात उजवा गुडघा समोरून दुखायला लागला. आता सायकल बंदच करावी असं वाटत होतं, पण हवा भरायला गेलो तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला निघताना पाहिलं आणि हाक मारून थांबवलं. सायकल भिंतीला टेकवली, मला वर बसवलं आणि म्हणाले, "टाच ठेवा पायडलवर. आता पायडल पार खाली न्या. पाय सरळ झाला का?" झाला नव्हता, गुडघा चांगलाच वाकलेला होता. त्यांनी सीटचा नट सैल करून दांडी चार बोटं वर ओढली. "चवड्यानं मारायचं, टाचेनं फक्त मापायचं." चार दिवसांत गुडघा थांबला. नव्यानं सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो. सीट खाली असली की गुडघा समोरून दुखतो आणि जास्तच वर गेली की मागच्या बाजूनं ओढतो. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकतील एवढी सीट ठेवायची सवय आहे. त्या सवयीपायीच बरेच जण महिन्याभरात सायकल सोडून देतात.

मग नेम धरला: आठवड्यातले सहा दिवस, निदान अर्धा तास. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते, तेवढा यात सहज होतो. आधी आसोदा, म्हणजे बहिणाबाईंचं माहेर, मग नशिराबाद, मग वाघूरचा पूल ओलांडून भुसावळ. पहिले दोन महिने काटा हलला नाही, कारण सायकलवरून उतरलो की पोहे आणि जिलेबी ठरलेली. ती सोडली आणि रात्रीच्या दोन भाकरींची एक केली, तेव्हा उतार सुरू झाला. चौदा महिन्यांत ९३चे ८१ झाले. एचबीएवनसी ५.६.

आता मूळ मुद्दा. मधल्या काळात मी एका 'चॅरिटी राइड'ला गेलो होतो. सातशे रुपये फी, टी-शर्ट, मेडल, व्यासपीठ, भाषणं. जमलेला पैसा गरजू विद्यार्थ्यांना जाणार होता. पुढे तीनदा विचारलं, किती जमले आणि कोणाला दिले? उत्तर आलं नाही. नाव लिहीत नाही, पण ती गोष्ट मला फार लागली. माझ्या शब्दावर ऑफिसातल्या अकरा जणांनी पैसे दिले होते, आणि त्यांना सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

त्याच थंडीत आम्ही तिघे सावदा-खिरोदा करत सातपुड्यातल्या पाल गावाला निघालो होतो. चढ सुरू व्हायच्या आधी एक मुलगी दिसली. दप्तर कॅरिअरला, आणि सायकल हातात धरून चालली होती. मागच्या टायरला एके ठिकाणी सुतळीचे वेढे. टायर तिथं फाटलेलं, ट्यूबचा फुगा बाहेर येऊ नये म्हणून बांधलेलं. मी थांबून हवा भरून पाहिली, तर वॉल्वची रबरी नळी कुजून गेली होती, हवा धरतच नव्हती. शाळा अजून तीन किलोमीटर. ती म्हणाली, "रोज अशीच नेते. येताना उताराला बसता येतं." आणि पुढे म्हणाली, "शाळेत खूप आहेत अशा."

आम्ही तिच्याबरोबर शाळेत गेलो. मागे पत्र्याच्या शेडमध्ये सायकली एकीवर एक टेकवलेल्या. मोजल्या, ४३. काही दोनच वर्षांच्या, रंगही गेलेला नाही. एकीची चेन नाही, एकीचे ब्रेक-रबर झिजून रिमला लोखंड घासतंय, कुणाचं फ्रीव्हील गंजून जाम. मुख्याध्यापक म्हणाले, सायकल मिळते, पण पंक्चरवाला अकरा किलोमीटरवर. तिथवर न्यायची म्हणजे बापाचा एक दिवसाचा रोज बुडतो.

पुढच्या डिसेंबरात आम्ही नऊ जण जळगावहून पालला गेलो आणि शाळेतलं काम करून परत आलो. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास किलोमीटर. प्रत्येकानं आपापल्या ओळखीत, किलोमीटरमागे जमेल तेवढे द्या असं सांगून पैसे मागितले. ३८,६०० रुपये जमले. खर्च असा: ट्यूब ६१ नग ६,७१०, टायर ३८ नग ९,८८०, ब्रेक-रबरचे ३९ सेट २,३४०, १४ चेन १,८२०, ९ फ्रीव्हील १,४४०, छर्रे, ग्रीस, वायर, आरे मिळून ३,२००, दोन मिस्त्रींची तीन दिवसांची मजुरी ५,४००, शाळेत कायमचे ठेवलेले दोन पंप आणि पान्यांचा डबा ४,१५०. एकूण ३४,९४०. उरलेले ३,६६० शाळेकडे, पावती घेऊन, पुढच्या ट्यूबसाठी. ३९ सायकली चालू झाल्या. चार फ्रेमलाच मोडल्या होत्या, त्यांचे सुटे भाग बाकीच्यांना लावले. बिलांचे फोटो पैसे दिलेल्या प्रत्येकाला पाठवले.

यंदा पुन्हा जायचं आहे, आणि त्याच भागातली आणखी एक शाळा घ्यायची आहे. चालवणारे हवेत, पाना धरता येणारे त्याहून जास्त हवेत. ज्यांनी अजून सायकलला हात लावला नाही त्यांच्याकडे अडीच महिने आहेत, आजपासून सुरू केलं तर जमतं. टी-शर्ट नाही, मेडल नाही. काय विचारायचं ते इथंच विचारा.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, तुमनं लिखेल वाचीसन बरं वाटनं. मी बी येस.

मी धुळ्याहून लळिंगपर्यंत रोज जातो. आपल्याकडच्या वाऱ्याबद्दल नव्या लोकांसाठी लिहितो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या तोंडाला पश्चिमेचा वारा असा सुटतो की सपाट रस्ता चढासारखा वाटतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला एवढ्या पवनचक्क्या उभ्या आहेत त्या या वाऱ्यामुळेच. तेव्हा जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा आणि येताना पाठीवर घ्या. उलटं केलं तर वीस किलोमीटर मजेत जातात आणि परत येताना माणूस रडकुंडीला येतो. माझ्याबरोबर आलेल्या दोन जणांनी त्या एका दिवसापायी सायकल विकली.

दुसरं, वारा समोरून असला की जड गिअर लावून जोर काढू नका. हलका लावा आणि पाय भराभर फिरवा. सरावलेले लोक मिनिटाला ८० ते ९० फेरे मारतात. सुरुवातीला ७० जमले तरी गुडघे वाचतात.

कळण्याची_भाकर (चाळीसगाव)

तापीकाठ दादा, मी ४१ वर्षांची आहे. दहावीपर्यंत सायकल चालवली, त्यानंतर नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे, वजन ७६. दोन मुलं, सकाळचे डबे. सायकल घ्यायची म्हटलं की घरचे म्हणतात, आता या वयात? त्यांचा विरोध नाही, फक्त समजत नाही. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. इतक्या वर्षांनी तोल जमतो का? सलवार घालून चालवता येते का? आणि अडीच महिन्यांत माझ्यासारखीला ७५ किलोमीटर जमेल असं तुम्हाला खरंच वाटतं का?

गिरणेची_लेक (पाचोरा)

ताई, पहिल्या दोन प्रश्नांचं मी सांगते, मी ४४व्या वर्षी पुन्हा सुरू केली.

तोल जात नाही. शाळेच्या मैदानावर किंवा मोकळ्या लेआउटमध्ये चार सकाळी जा. सीट थोडी खाली ठेवा, पायडल न मारता पायानं ढकलत जरा लांबवर जा, मग पाय उचला. दोन दिवसांत हात थरथरायचे थांबतात. त्यानंतर मात्र सीट वर घ्या, मिस्त्रीकाकांनी सांगितली तशी.

सलवारीचा उजवा पाय चेनमध्ये जातो आणि तेव्हा पडायला होतं. मी पडले आहे, कोपराला टाके पडले. पूर्ण चेनकव्हरची सायकल घ्या, नाहीतर उजव्या घोट्याला रबरबँड लावा. आता मी ट्रॅक पँट आणि लांब कुर्ता घालते. ओढणी घरीच. कॅरिअरवरून लोंबणारं काहीही मागच्या चाकात जातं.

लोक बघतात. पहिले पंधरा दिवस बघतात. दूधवाला, पेपरवाला आणि एसटी स्टँडवरचे रिक्षावाले. पुढे तेच विचारतात, "ताई, काल आल्या नाहीत?" मला तर त्यांच्यामुळे धीर येतो. एखाद्या दिवशी परतायला उशीर झाला तर कोणीतरी लक्ष ठेवून आहे एवढं समजतं.

चाळीसगावहून पाटणादेवीचा रस्ता आहे ना तुमच्याकडे? थंडीत त्या रस्त्यासारखं सुख नाही. तिसऱ्या महिन्यात तिथं जा, एकट्या नको.

तापीकाठ (जळगाव)

@कळण्याची_भाकर, तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो. भुसावळ ते सावदा एवढा मधला टप्पा तुम्हाला नक्की जमेल. तो वीस-बावीस किलोमीटरचा आहे, जवळपास सपाट, दोन्हीकडे केळीचे बाग. पूर्ण अंतराचा हट्ट पहिल्या वर्षी धरू नका. आम्ही सामानासाठी एक छोटा टेम्पो बरोबर ठेवतो, त्यात तीन सायकली मावतात. मागच्या वेळी दोघं सावद्यापर्यंतच आले, पुढे टेम्पोतून. शाळेत सगळ्यात जास्त पंक्चरं त्यांनीच काढली.

वाढवताना मी असं केलं: सोमवार ते शुक्रवार तेवढंच, फक्त रविवारचं अंतर दर आठवड्याला दोन-तीन किलोमीटरनं वाढवायचं, आणि चौथ्या रविवारी मुद्दाम कमी करायचं. रविवारी दमून सोमवारी बुडवलं असं होऊ देऊ नका. एक दिवस लांब जाण्यापेक्षा रोज निघणं महत्त्वाचं, हे माझ्या रक्ताच्या रिपोर्टनंच मला दाखवलं आहे.

वाघूर_डॉक्टर (भुसावळ)

मी फिजिशियन आहे, आणि दोन वर्षांपासून स्वतः चालवतो. धागा चांगला चालला आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

चाळिशीच्या पुढचे, बीपी-शुगर असलेले, सिगारेट-तंबाखू असलेले किंवा घरात लवकर हार्टअटॅक येऊन गेलेला असेल तर सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या. ईसीजी आणि तुमच्या डॉक्टरांचा सल्ला, एवढं तरी. चढावर दम लागणं ठीक. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी येणं यातलं काहीही झालं तर उतरा, बसा, कोणाला तरी बोलवा. "गॅस असेल" म्हणून पुढे जाऊ नका. आपल्याकडे गॅस म्हणत म्हणत किती जण उशिरा येतात ते मी रोज पाहतो.

मधुमेहाच्या पेशंटनी, खास करून इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी निघू नये. शुगर खाली जाते. खिशात ग्लुकोजची पुडी किंवा साखर ठेवा. हात थरथरणं, घाम, एकदम भूक आणि गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. वजन उतरलं की गोळ्यांचा डोस बदलावा लागतो, तो स्वतः कमी करू नका.

पाणी. डिसेंबरात आपल्याला तहान लागत नाही, पण घाम जातोच. तासभराहून जास्त चालवायचं असेल तर मीठ-साखरेचं पाणी घ्या: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजानं टाकू नका. आणि एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा ४५ला टेकतो तेव्हा सात-साडेसातच्या आत घरात. उन्हात घाम थांबला, अंग तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात असतो. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. ओआरएस पाजत बसण्याची ती वेळ नसते.

हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं अशी तक्रार पुष्कळ जण घेऊन येतात. हँडलवर सगळा भार तळहातावर टाकल्यानं तिथली नस दबते. कोपर किंचित वाकवलेले ठेवा, दर दहा मिनिटांनी पकड बदला.

पालला मी येतो. प्रथमोपचाराची पेटी माझ्याकडे.

बोरीकाठचा_हिशोबनीस (अमळनेर)

हिशोब असा उघडा मांडलात म्हणून मनापासून अभिनंदन. अकाउंट्सचं काम करतो म्हणून दोन-तीन सूचना.

ओळखीच्यांकडून थोडे पैसे गोळा करून सामान घेणं आणि लोकांना जाहीर आवाहन करून देणग्या घेणं यात फरक आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचा १९५०चा कायदा आहे आणि जाहीर वर्गणीवर धर्मादाय आयुक्तांचं लक्ष असतं. यंदा दुसरी शाळा घेणार, रक्कम वाढणार, तेव्हा जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात आधी जाऊन विचारा आणि लेखी घ्या. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे नोंदणी असलेल्या एखाद्या विश्वासू संस्थेच्या खात्यातच पैसे घ्यायचे. त्या संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता, असेल तर देणाऱ्याला सवलत मिळते, पण जुन्या करप्रणालीत असेल तरच. आणि २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी ८०जीत धरत नाहीत, म्हणून यूपीआय किंवा चेक. संस्थेकडून १०बीई हे प्रमाणपत्र मागायला विसरू नका, नुसती पावती पुरत नाही.

कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर पैसे घेऊ नका. तापीकाठ, तुमच्यावर शंका नाही. उद्या तुम्ही आजारी पडलात तर हिशोब कोण देणार, एवढाच प्रश्न आहे.

तापीकाठ (जळगाव)

बरोबर आहे. मागच्या वर्षी माझ्याच खात्यावर घेतले होते, ते चुकलं. यंदा तसं होणार नाही. तुम्ही दिवाळीनंतर एक दिवस जळगावला येता का? धर्मादाय कार्यालयात बरोबरच जाऊ.

केळीचा_घड (शिरपूर)

मला एक प्रश्न पडतो, राग मानू नका. नऊ जणांनी दोन दिवस आणि टेम्पोचं डिझेल घालवलं. तेच पैसे आणि दोन दिवसांचा पगार सरळ शाळेला दिला असता तर जास्त सायकली झाल्या असत्या. दान द्यायला सायकल चालवावी का लागते? मला स्वतःला मोठ्या राइड आवडतात. २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब राइड, करायची आहे, त्यासाठीच सराव करतो. पण ते मी माझ्यासाठी करतो असं सरळ म्हणतो.

तापीकाठ (जळगाव)

राग कशाचा, हा प्रश्न मी स्वतःला वर्षभर विचारला आहे.

पैसे सरळ दिले असते तर दिले असते, पण खरं म्हणजे दिले नसते. त्या शाळेपर्यंत मी गेलोच सायकलमुळे. त्या रस्त्यानं गाडीनं मी पाच-सात वेळा गेलो असेन, ती मुलगी मला कधी दिसली नव्हती. आणि सुतळी बांधलेल्या टायरची सायकल चढाला ढकलत नेणं म्हणजे काय, हे पायात गोळे आलेल्या माणसाला जितकं समजतं तितकं एसी गाडीतल्याला समजत नाही. दुसरं, लोक किलोमीटरमागे पैसे देतात तेव्हा विचारत राहतात, किती झालं, कुठवर पोचलात, शाळेत काय निघालं? माझ्या ऑफिसातल्या शिपाईदादांनी किलोमीटरमागे एक रुपया धरून दीडशे रुपये दिले आणि बिलाचे सगळे फोटो वाचले. नुसती वर्गणी मागितली असती तर ते दीडशे देऊन विसरून गेले असते.

डिझेलचं मात्र तुमचं खरं आहे. म्हणून टेम्पो, जेवण, मुक्काम हे सगळं आम्ही नऊ जणांनी आपल्या खिशातून वेगळं केलं, जमलेल्या पैशात ते धरलेलं नाही. वरच्या हिशोबात ते दिसत नाही ते त्यामुळे.

बीआरएमला जरूर जा. २०० किलोमीटरला साडेतेरा तास असतात, ३००ला वीस. ती शर्यत नसते, वेळेत पोचायचं आणि आपली सोय आपण बघायची. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ साली दोघांची टीम करून अमेरिकेची 'रॅम' ही सायकल शर्यत पूर्ण केली, समुद्रापासून समुद्रापर्यंत साधारण ४,८०० किलोमीटर, नवव्या दिवशी. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले लोक हे करतात हे वाचून मला पहिल्या वर्षी फार बळ आलं होतं. तुमच्यासारखा दमदार माणूस पालला आला तर चढावर मागे राहणाऱ्यांना सोबत होईल.

केळीचा_घड (शिरपूर)

पटलं. पाल नक्की. मागे राहणाऱ्यांबरोबर मी थांबतो.

सातपुड्याचा_मास्तर (यावल तालुका)

मी पायथ्याच्याच एका माध्यमिक शाळेत आहे. तापीकाठ ज्या शाळेत गेले ती आमची नाही, पण आमच्या शेडमध्येही तेच चित्र आहे. म्हणून थोडं तिखट वाटलं तरी लिहितो.

मानव विकास कार्यक्रमातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असावं लागतं. योजना चांगली आहे, मी तिच्यामुळे शाळेत टिकलेल्या मुली पाहिल्या आहेत. पाड्यावरच्या मुलीची शाळा सुटते ती बहुतेक आठवी-नववीत, आणि अंतर हे त्याचं मोठं कारण असतं. पण सायकल देताना दुरुस्तीचं कोणी बघत नाही. बाभळीचे काटे, सराटे, पावसाळ्यात चिखल, आणि पाड्यावर ना पंप ना सोल्युशन. पहिलं पंक्चर झालं की सायकल उभी राहते, उभी राहिली की टायर कुजतं. सहा महिन्यांत नवी सायकल भंगार होते, ती अशी.

तर येणाऱ्यांना विनंती. एक, नव्या सायकली आणू नका. नवी आणली की फोटो होतो आणि जुन्या तिथंच राहतात. दोन, मुलींचे फोटो काढू नका, निदान मुख्याध्यापकांना आणि त्यांच्या घरी विचारल्याशिवाय नको. "बिचाऱ्या" म्हणून त्यांचं चित्र गावभर फिरावं हे त्यांना आवडत नाही, त्या मला तसं सांगतात. तीन, तुम्ही दुरुस्त करून जाऊ नका, त्यांच्याकडून करून घ्या. तुम्ही वर्षातून एकदा येणार, काटा रोज रुततो.

तापीकाठ (जळगाव)

सर, तिसरं आम्ही पहिल्या दिवशी चुकलो आणि दुसऱ्या दिवशी सुधारलं. कसं ते लिहितो.

पहिल्या दिवशी आम्हीच भराभर ट्यूबा बदलत होतो. मुली ओळीनं उभ्या राहून बघत होत्या. दुपारी आमच्यातल्या एकानं एका ट्यूबला ठिगळ लावून चाक बसवलं, आणि पाच मिनिटांत ते पुन्हा बसलं. पुन्हा काढलं, पुन्हा ठिगळ, पुन्हा हवा गेली. बाजूला नववीतली एक मुलगी उभी होती. तिनं टायर हातात घेतलं, आतून बोटं हळूहळू फिरवत नेली, आणि एका जागी थांबली. "इथं आहे." बाभळीच्या काट्याचं टोक, बाहेरून मोडलेलं, आतून तांदळाच्या कणीएवढं वर आलेलं. आम्ही ट्यूबच बघत होतो, टायर कोणी चाचपलंच नव्हतं. तिनं ते नखानं काढायचा प्रयत्न केला, निघेना, मग पकडीनं उपटलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी घमेल्यात पाणी घेतलं आणि मुलींना भोवती बसवलं. ट्यूब थोडी फुगवून पाण्यात बुडवायची, बुडबुडे येतील तिथं खूण करायची, ट्यूब कोरडी करून कानशीनं खरवडायची, सोल्युशन पातळ लावायचं आणि लगेच ठिगळ न चिकटवता ते सुकू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. घाई झाली की ठिगळ सुटतं. संध्याकाळपर्यंत सोळा मुलींना ते जमत होतं. ब्रेक ओढायला आणि चेन ताणायला सात-आठ जणी शिकल्या. छर्रे-कोनचं काम, म्हणजे ओव्हरऑइलिंग, आणि रिंगचा आउट काढणं, म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ करणं, अजून मिस्त्रींकडेच आहे. यंदा तेही थोडं शिकवायचं आहे, त्यासाठी एक पूर्ण दिवस वाढवावा का असा विचार चालू आहे.

फोटोंबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळ्यांना सांगतो. मागच्या वर्षी आम्ही फक्त सायकलींचे आणि बिलांचे काढले होते, तेवढंच पुरे.

रावेरचा_बापू (रावेर)

मी ६८ वर्षांचा शेतकरी. राइड मला होणार नाही. पण तुमचा रस्ता आमच्या भागातूनच जातो. माझ्याकडे केळी आहे, नाश्त्याला लागेल तेवढी घ्या, पैसे घेणार नाही. खळ्यावर चाळीस माणूस झोपेल एवढी जागा आहे. संध्याकाळी वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत करू, सून आणि मुलगा दोघं म्हणतात आम्ही करतो.

एक सांगणं आहे. डिसेंबरात आमच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या आणि केळीचे ट्रक अंधारातच निघतात. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, तुमच्याही सायकलीला नसला तर कोणीच कोणाला दिसत नाही. माझा पुतण्या असाच गेला, मोटारसायकलवर. मागे लाल दिवा लावल्याशिवाय एकालाही येऊ देऊ नका. बरं वाटलं तुमचं वाचून.

तापीकाठ (जळगाव)

बापू, तुमच्या पुतण्याचं वाचून वाईट वाटलं. दिव्याचं मी पक्कं करतो. मागे लाल, पुढे पांढरा, आणि अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट. ज्याच्याकडे नसेल तो पहाटे निघणार नाही, उजाडल्यावर टेम्पोबरोबर येईल. हेल्मेटही सक्तीचं. मुक्काम तुमच्याकडेच करू. बट्टीसाठी लागणारं तूप आम्ही आणतो, एवढं तरी आणू द्या.

गिरणेची_लेक (पाचोरा)

मी येते. पंक्चर मला काढता येतं, आणि मुलींबरोबर बसायला एक-दोन बायका असल्या तर त्या मोकळेपणानं विचारतात. ताई, @कळण्याची_भाकर, तुम्ही टेम्पोतून आलात तरी चालेल, पण या.

कळण्याची_भाकर (चाळीसगाव)

सायकल काल घेतली. पूर्ण चेनकव्हरची. आज सकाळी मुलाला बरोबर घेऊन मैदानावर गेले. येते मी, सावद्यापर्यंत सायकलवर.

सातपुड्याचा_मास्तर (यावल तालुका)

यंदा सामान घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. टायर घेताना नुसतं "सव्वीसचं द्या" म्हणू नका. लेडीज सायकलींना बहुतेक २६ बाय १ ३/८ लागतं, काहींना २६ बाय १ १/२. दोन्हीला दुकानदार सव्वीसच म्हणतात, पण एकाचं टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. गिअरच्या सायकलीचं २६ बाय १.९५ हे तर तिसरंच. जुन्या टायरच्या कडेला माप कोरलेलं असतं, चिखल पुसून वाचायचं. आमच्या शेडमधल्या सायकलींची यादी मुलींनी काल मधल्या सुटीत केली: पहिल्या मापाच्या २७, दुसऱ्याच्या ६, आणि दोन सायकलींची मापं घासून गेली आहेत, ती रिम मोजून कळवतो.

तापीकाठ (जळगाव)

सर, धन्यवाद. मागच्या वर्षी याच कारणानं सहा टायर परत न्यावी लागली होती आणि एक दिवस वाया गेला होता. यादी उतरवून घेतली. दुसरी शाळा तुमचीच धरू, मुख्याध्यापकांशी बोलून घ्याल का? दोन मिस्त्री मागचेच येत आहेत. अजून एक जास्तीचा पंप, कानशी चार, आणि घमेली तुमच्याकडे असतील तर तसं सांगा, नाहीतर भुसावळहून घेतो.